दुसरं बाळ आधी की बी.एड. आधी?

नाशिकच्या एका औषध कंपनीत क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, नोकरी करत असताना मला दोन गोष्टी मनापासून हव्या होत्या. शाळेत विज्ञान शिकवायचं होतं आणि थोरलीला भावंड हवं होतं. वय चौतीस, पहिलं बाळंतपण सिझेरियन, आणि बी.एड. म्हणजे दोन वर्षं पगाराविना. आज धाकटा अडीच वर्षांचा आहे आणि मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचं गाव, तुमचा कोर्स वेगळा असेल, तरी माझा आग्रह एकच राहील. ज्या नोकरीत बाळंतपणाची रजा आणि विमा दोन्ही मिळतात, ती हातात असेपर्यंत बाळ होऊ द्या. राजीनामा त्यानंतर.

सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञांकडून करा, कारण तारखा तिथेच ठरतात. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान 24 महिने जाऊ द्यावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. सिझेरियन झालेलं असेल तर टाक्यांच्या दृष्टीने हे अंतर आणखी महत्त्वाचं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासून घ्या. रुबेलाची लस राहिली असेल तर ती आधी घ्यावी लागते आणि त्यानंतर महिनाभर थांबावं लागतं. फॉलिक अ‍ॅसिड किमान एक महिना आधीपासून. तांबी बसवली असेल तर ती काढल्यावर लवकर दिवस राहू शकतात. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेत असाल तर शेवटच्या डोसनंतर बरेच महिने लागू शकतात, आणि हे महिने तुमच्या आखणीत धरलेले हवेत.

आता कॅलेंडर. भिंतीवरचं कालनिर्णय चालेल, पण दोन वर्षांची पानं एकाखाली एक हवीत. मी आधी बी.एड.च्या तारखा लिहिल्या: सीईटी म्हणजे प्रवेशपरीक्षा साधारण मार्च ते मेच्या दरम्यान, मग प्रवेशफेऱ्या, मग वर्ग. तिथून मागे मोजत आले. वर्ग सुरू होतील तेव्हा बाळ किमान वर्षाचं तरी हवं, हे मी ठरवलं होतं. ते कोणी सांगितलं म्हणून नाही. थोरलीच्या वेळी अंगावरचं दूध आणि रात्रीची जागरणं कधी कमी झाली, ते आठवत होतं.

कायद्याचा भाग नीट समजून घ्या, कारण इथे बायका फार लवकर हार मानतात. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली बदल झाला आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आली. म्हणजे दुसऱ्या बाळालाही पूर्ण 26 आठवडे. दोन मुलं आधीच असतील तर 12. यातले जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. मी आधी मोजकेच घेतले आणि उरलेले सगळे बाळासोबतच्या महिन्यांसाठी राखले. तब्येत साथ देत असेल तर तेच करा. पगाराचा हिशोब रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर होतो.

पात्रतेची अट आहे 80 दिवसांची. अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान 80 दिवस काम झालेलं हवं. कायद्याने मिळणाऱ्या पगारी सुट्ट्याही त्यात धरतात. समजा तारीख 15 जानेवारी आहे, तर मागच्या 15 जानेवारीपासूनचे दिवस मोजायचे. तिसऱ्या महिन्यात नवी नोकरी धरली तरी 80 दिवस सहज भरतात, म्हणून ‘दिवस गेलेत, आता नोकरी बदलता येणार नाही’ हे खरं नाही. पण तुम्ही नोकरी सोडून विद्यार्थिनी झालात तर मालकच नाही, मग 80 दिवस कुठले आणि पगार कुठला? माझा निर्णय याच एका मुद्द्यावर झाला. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असाल तर अट वेगळी आहे: आधीच्या लागोपाठच्या दोन अंशदान कालावधींत (वर्गणी मोजण्याच्या सहामाहींत) मिळून 70 दिवसांची वर्गणी.

लॅबमध्ये असणाऱ्यांना एक खास सांगणं. एचपीएलसी या तपासणीच्या यंत्रावर दिवसभर अ‍ॅसिटोनायट्राइल, मिथेनॉल अशी रसायनं हाताळतो आपण. दिवस राहिल्याचं कळल्याबरोबर बातमी फुटण्याची वाट न पाहता इनचार्जना सांगा आणि लेखी अर्ज द्या, की रेकॉर्ड तपासणीचं, कागदपत्रांचं काम द्यावं आणि रात्रपाळी नको. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. कामावर परत आल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा दूध पाजण्यासाठी सुट्टी मिळते. पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असावी लागते. हेही अर्जातच मागा. तोंडी मागितलेलं विसरलं जातं.

विम्याबद्दल थोडक्यात. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बाळंतपण बहुतेकदा पहिल्या दिवसापासून धरलेलं असतं. स्वतःची पॉलिसी नवी घेतली तर बाळंतपणासाठी अनेकदा दोन ते चार वर्षं थांबावं लागतं. ग्रुप पॉलिसीचं संरक्षण नोकरीबरोबर संपतं, म्हणून शेवटच्या दिवसाआधीच विमा कंपनीला विचारून ती वैयक्तिक पॉलिसीत वळवून घ्या आणि बाळाचं नाव त्यात आलं आहे ना, ते पाहा.

बी.एड.चे नियम वाचल्यावर मला माझा क्रम बरोबर असल्याची खात्री पटली. एनसीटीई म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, तिच्या 2014 च्या नियमांनुसार तासांना आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के हजेरी लागते, शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के. इंटर्नशिप एकूण वीस आठवड्यांची, त्यातला मोठा भाग दुसऱ्या वर्षी सलग. ओल्या बाळंतिणीने 90 टक्के हजेरी कशी भरायची? प्राचार्य कितीही समजूतदार असल्या तरी त्या टक्केवारीत त्यांचा हात बांधलेला असतो. तरीही काहींना उलटा क्रम घ्यावा लागतो. वय सव्वीस-सत्तावीस असेल, आताची नोकरी तात्पुरती असेल, तर आधी बी.एड. उरकणं योग्यच. आणि कोर्सदरम्यानच बाळ व्हायचं असेल तर पहिल्या वर्षाच्या शेवटची उन्हाळी सुट्टी त्यातल्या त्यात सोयीची. दुसऱ्या वर्षाची इंटर्नशिप टाळा. प्रवेशापासून तीन वर्षांत कोर्स पूर्ण करण्याची मुभा आहे, म्हणजे एक वर्ष मागे राहूनही पदवी मिळते.

दिवस ठरवल्याप्रमाणे राहतीलच असं नाही, आणि यावर घरात आधीच बोलून ठेवणं फार गरजेचं आहे. आम्ही नवरा-बायकोने दोन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. पस्तिशी ओलांडली की सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जायचं, त्याआधी वर्षभर. आणि काहीही झालं तरी सीईटीचा अभ्यास थांबवायचा नाही. गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे. ती घ्या, दुसऱ्या दिवशी कामावर हजर होऊ नका.

सीईटीला घाबरू नका. बुद्धिमापन, सामान्यज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता, एवढंच. बाळ झोपल्यावर अर्धा तास आणि शनिवारी एक जुना पेपर, एवढ्यावर माझं भागलं.

पैशांची तालीम नोकरी असतानाच करा. माझा पगार सरळ आरडीत टाकायचा आणि घर फक्त नवऱ्याच्या पगारावर चालवायचं, असं आम्ही माझ्या कामावर परतल्यापासून राजीनाम्यापर्यंत केलं. घराचा हप्ता, थोरलीची फी, दूध, पाळणाघर, सगळं त्यातच. कुठे ओढाताण होते ते तेव्हाच कळलं आणि गाडी घेणं पुढे ढकललं. साठलेल्यातून बी.एड.ची फी निघाली. राजीनाम्याची तारीख काढताना ग्रॅच्युइटी पाहा: पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने असतील तर थांबा. बाळंतपणाची रजा त्या सेवेत धरली जाते. पीएफ काढू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, आणि शाळेत लागल्यावर तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) पुढे चालतो.

शेवटचं काम घरातलं. सासूबाई निफाडला, आई जळगावला, आणि दोघींचे गुडघे दुखतात. त्यांना ‘दोन वर्षं या’ असं न म्हणता मी फक्त इंटर्नशिपचे आठवडे मागितले, तेही तारखांसकट आणि आधीच. कांद्याच्या दिवसांत सासूबाईंना शेत सोडता येत नाही, तेव्हा आई आली. सकाळची मुलांची तयारी आणि डबे नवऱ्याकडे, संध्याकाळी पाळणाघरातून आणणं माझ्याकडे. मूल आजारी पडलं तर कोण थांबणार, याची दोन नावं फ्रिजवर लावलेली असू द्या. एक घरातलं, एक शेजारचं, आणि त्या शेजारणीला तसं विचारून घेतलेलं असू द्या.