जुन्या टोपोशीटवरून घाटातली नदी वाचताय? या चुका टाळा

ठाण्यात आमच्या घरी काळू नदीच्या खोऱ्याची जुनी टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण विभागाचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा, आहे. शीट क्रमांक 47 ई मधली. एक इंचाला एक मैल, म्हणजे 1:63,360. माळशेज आणि हरिश्चंद्रगडाखालचा हा सगळा मुलूख कुणीतरी पायी तुडवून, प्लेनटेबल (तिवईवरचा नकाशा काढायचा फळा) मांडून रेखाटलाय. म्हणून ती शीट कुणी चुकीची ठरवली की मला वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा चूक आपली असते.

सगळ्यात मोठी चूक क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे स्कॅन केलेली शीट संगणकावर खऱ्या जागी बसवायच्या प्रोग्राममध्ये, होते. शीटवरचे अक्षांश-रेखांश टाकले आणि निर्देशांक प्रणाली डब्ल्यूजीएस 84, म्हणजे आजच्या जीपीएसची, ठेवली. पण या शीट 1830 च्या एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या तेव्हा मानलेल्या आकारावर, आहेत. आपल्या भागात त्यामुळे सगळं शंभरेक मीटर सरकतं. मैदानात ते खपून जातं, घाटात नाही. माझी पहिली शीट अशीच बसली होती. नदीची रेघ उपग्रहचित्रातल्या कड्यावर चढलेली, आणि मी दोन रात्री सर्वेक्षकांना दोष देत होतो. एव्हरेस्टवर आधारलेली भारतीय प्रणाली ‘कल्याणपूर’ निवडली आणि रेघ नळीत, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीत, उतरली.

तरीही एक कोपरा जुळत नसेल तर कागद बघा. इथल्या पावसाळ्यात तो दमट होऊन फुगतो, घडीवर ताणतो. मोबाइलने तिरका फोटो काढू नका, सपाट स्कॅन करा. फक्त चार कोपरे न धरता आतल्या अक्षांश-रेखांशाच्या रेघांच्या छेदांवरही जुळणीचे बिंदू द्या.

आता पाण्याचं. शीटवर ओढा दिसला म्हणजे पाणी आहे, असं धरून मार्चमध्ये निघू नका. काळ्या रेषेचा प्रवाह कोरडा पडणारा, निळा तो पाण्याचा. भिंग घेऊन बघा. एकाच ओढ्यात काळ्याचा निळा कुठे होतो, ती जागा मुक्कामासाठी लाखमोलाची. अर्थात, ती पाहणीच्या वेळची. छपाईचं साल वेगळं आणि पाहणीचं वेगळं, दोन्ही समासात असतात. मध्ये एखादं धरण झालं असेल, तर शीटवरची वाट आज पाण्याखाली आहे.

उंची फुटांत आहे. हरिश्चंद्रगड साधारण 1,420 मीटर, शीटवर तोच साडेचार हजारांच्या वर. कंटूर (समान उंचीच्या रेषा) एकमेकांना चिकटले तिथे उतार मोजत बसू नका, तो कडा आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची आत गेलेली पोकळी तर कंटूरना दाखवताच येत नाही.

चुंबकीय उत्तरेची काळजी सोडा. इथे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आत आहे.