जंताचं औषध देताय? मग नर्व्हच्या पातळीवर होणाऱ्या या चुका टाळा

जनावरांच्या औषधाच्या दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "जंताचं औषध द्या", आणि कुठलं विचारलं की उत्तर येतं "चांगलं द्या". आता चांगलं म्हणजे काय, तर कुठल्या जनावरात कुठल्या किड्याच्या कुठल्या चॅनेलवर ते बसतं त्यावर सगळं अवलंबून आहे, आणि हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका आपोआप टळतात.

आधी थोडक्यात. शाळेत शिकलेली चेतापेशी आठवा, तिच्या आवरणात बारीक बारीक दारं असतात, त्यांनाच आयन चॅनेल म्हणतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड यांचे चार्ज असलेले कण या दारांतून आत-बाहेर करतात आणि त्यातूनच सिग्नल पुढे जातो. जंत मारणारी बरीच औषधं जंताला विष देऊन जाळत वगैरे नाहीत, ती फक्त यातलं एखादं दार नको तेव्हा उघडं ठेवतात. आयव्हरमेक्टिन जंताचं ग्लुटामेटवर (चेतापेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन) चालणारं क्लोराइडचं दार उघडं धरतं, मग पेशी थंड पडते, जंताची हालचाल थांबते, घसा चालत नाही म्हणून त्याला खाताही येत नाही. लेव्हामिसोल आणि पायरँटेल बरोबर उलटं करतात, अ‍ॅसिटिलकोलीनच्या (स्नायूला आखडायला सांगणारं रसायन) रिसेप्टरवर, म्हणजे ते रसायन जिथे बसतं त्या जागेवर, बसून स्नायू आखडवून टाकतात. पिपरेझिन गाबाच्या (पेशीला शांत करणारं रसायन) बाजूने स्नायू ढिला करतं. म्हणून पायरँटेल आणि पिपरेझिन एकत्र देऊ नका, एक ताणतं एक सोडतं, दोघं एकमेकांचंच काम बिघडवतात. आणि अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल यांचा तर या दारांशी संबंधच नाही, ती पेशीच्या आतल्या ट्यूब्युलिनवर (पेशीचा सांगाडा बनवणारं प्रथिन) काम करतात.

आता पहिली चूक, जी शेळीपालनात रोज होते. "मागच्या वेळी आयव्हरमेक्टिन दिलं, आता औषध बदललं" म्हणून डोरामेक्टिन आणायचं. अहो, कंपनी बदलली, बाटलीचा रंग बदलला, दार तेच राहिलं! शेळ्यांच्या पोटात रक्त पिणारा हिमॉन्कस नावाचा जंत असतो (जबड्याखाली पाणी उतरतं, डोळ्याची आतली कड पांढरी पडते तो), तो एकदा या गटाला सरावला की त्या गटातलं दुसरं औषधही त्याच्यावर नीट चालेल याची खात्री नाही. बाटलीवरचं मोठं नाव वाचू नका, खालचं बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा आणि कुठला गट ते डॉक्टरांना विचारा. वजन डोळ्याने ठरवणं हा याच चुकीचा दुसरा भाग, कमी डोस पडला की अर्धवट मेलेले नाही तर तगून राहिलेले जंत पुढची पिढी वाढवतात, त्यामुळे कळपातल्या सगळ्यात वजनदार शेळीचं तरी काट्यावर वजन घ्या.

लेव्हामिसोलमध्ये मात्र डोस वाढवूनही चालत नाही, कारण अ‍ॅसिटिलकोलीनचे रिसेप्टर जनावराच्या अंगातही असतातच. साधारण 7.5 मिलिग्रॅम प्रतिकिलो हा डोस आणि त्याच्या वर फार मोकळी जागा नाही. जास्त झालं की लाळ गळते, अंग थरथरतं, जनावर अस्वस्थ होतं, निकोटिनची विषबाधा व्हावी तसं चित्र दिसतं. त्याच दिवशी गोचिडावर ऑर्गॅनोफॉस्फेटची फवारणी करायचा बेत असेल तर तो पुढे ढकला, दोन्हीचा ताण एकाच यंत्रणेवर पडतो.

कोकणात भाताच्या खाचरालगत चरणाऱ्या जनावरांसाठी एक वेगळं सांगणं. तिथे गोगलगायीतून लिव्हर फ्लूक (यकृतात राहणारा चपटा जंत) येतो आणि लोक आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देऊन मोकळे होतात. फ्लूक आणि पट्टकृमी यांच्यावर आयव्हरमेक्टिन चालत नाही, गोल जंतात ते ज्या दारावर बसतं तसं त्याला दाद देणारं दार यांच्यात नाही, मग कितीही डोस वाढवा. फ्लूकला ऑक्सिक्लोझानाइड किंवा ट्रिक्लाबेंडाझोल, पट्टकृमीला प्राझिक्वँटेल. हे प्राझिक्वँटेल 1970 च्या दशकापासून वापरात आहे, ते दिलं की किड्याच्या पेशीत कॅल्शियम घुसतं हे माहीत होतं, पण कुठल्या दारातून ते कळायला 2019 उजाडलं, गंमत आहे की नाही!

आता सगळ्यात गंभीर चूक. गायीचं आयव्हरमेक्टिन कुत्र्याला. गोठ्यात 1 टक्क्याची बाटली असते, कुत्र्याला गोचीड किंवा खरूज झालेली दिसते, आणि कोणीतरी म्हणतं एक एमएल टोच. हिशोब करा. त्या एक एमएलमध्ये 10 मिलिग्रॅम औषध आहे आणि ते 50 किलो गुराचा डोस आहे. 10 किलोच्या कुत्र्याला ते दिलं तर प्रतिकिलो 1 मिलिग्रॅम झालं, म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम, आणि हार्टवर्म (हृदयातला जंत) टाळायला कुत्र्याला लागतात प्रतिकिलो फक्त 6 मायक्रोग्रॅम. ग्लुटामेटवालं दार सस्तन प्राण्यांत नाही हे खरं, पण गाबाची क्लोराइड दारं आपल्या मेंदूत आहेत आणि औषध जास्त झालं तर ते तिथेही बसतं. एरवी मेंदूच्या वेशीवर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप ते बाहेर फेकत असतो. कोली आणि तिच्या जवळच्या जातींच्या बऱ्याच कुत्र्यांत या पंपाचं एमडीआर-1 जीनच तुटलेलं असतं, तिथे प्रतिकिलो 100 मायक्रोग्रॅमच्या आसपासच त्रास सुरू होऊ शकतो. कुत्रं मिक्स जातीचं असलं म्हणून सुटलं असं समजू नका, जीन चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. केटोकोनाझोल (बुरशीवरचं औषध) चालू असेल तर धडधाकट कुत्र्यातही तो पंप मंदावतो.

डोळ्याची बाहुली मोठी होणं, लाळ, झोकांड्या, दिसेनासं होणं, मग गुंगी, ही लक्षणं. उतारा म्हणून नेमकं औषध नाही, सलाइन, ऊब, श्वासाची काळजी आणि थांबणं, तेही कधी कधी कित्येक दिवस. घरात कोणाच्या झोपेच्या गोळ्या असतात त्या "शांत होईल" म्हणून मुळीच देऊ नका, डायझेपामसुद्धा गाबाचंच दार जास्त उघडतं. बाटली हातात घेऊन, किती वाजता किती दिलं ते लिहून थेट डॉक्टरांकडे जा.

मांजराचं उलट. कुत्र्याच्या मानेवर लावायचं परमेथ्रिनवालं स्पॉट-ऑन मांजराला लावलं तर सोडियमचं दार बंदच होईना अशी अवस्था होते, नस पुन्हा पुन्हा पेटते, अंगाला झटके येतात. मांजराचं लिव्हर हे औषध पटकन निकामी करू शकत नाही. लगेच कोमट पाण्याने भांड्याच्या लिक्विड सोपने धुवा, पण नंतर कोरडं करून उबेत ठेवा, कारण अंग थंड पडलं की या गटाचा परिणाम वाढतो. अ‍ॅट्रोपिन इथे कामाचं नाही, ते ऑर्गॅनोफॉस्फेटसाठी. गोठ्यात डेल्टामेथ्रिन फवारताना तोंडावर उडालं की चेहऱ्याला झिणझिण्या येतात ना, तेही हेच, तुमच्या कातडीतल्या नसांची सोडियम दारं.

माणसांबद्दल एकच. 2021 च्या मे महिन्यात गोव्यात अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना कोविडसाठी आयव्हरमेक्टिन द्यायची घोषणा झाली होती. प्रयोगशाळेत विषाणू दबला तो ज्या प्रमाणात, ते नेहमीच्या डोसने रक्तात येणाऱ्या पातळीच्या कितीतरी वर होतं, आणि विषाणूला चेतापेशी नसते. नागपूर जिल्ह्यात 2019 ला हत्तीरोगासाठी हेच औषध डीईसी (हत्तीरोगावरचं दुसरं औषध) आणि अल्बेंडाझोलबरोबर वाटलं, तिथे समोर खरोखर जंत होता.

शेवटची तक्रार हमखास येते, "औषध दिलं पण जंत पडलेच नाहीत". पायरँटेल, लेव्हामिसोलने आखडलेले जंत शेणातून किंवा लेंडीतून दिसू शकतात, पण प्राझिक्वँटेलने मेलेली पट्टकृमी पोटातच पचून जाते, काहीच दिसत नाही. तेव्हा बाहेर काय पडलं ते मोजत बसू नका. औषधाच्या दिवशी आणि नंतर दहा ते चौदा दिवसांनी लेंडी तपासून अंडी मोजून घ्या, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं तर कुठे तपासतात ते सांगतील. अंडी 95 टक्क्यांपेक्षा कमी घटली असतील तर आधी वजन आणि डोस बरोबर होता का बघा, आणि तो बरोबर असेल तर गट बदला.