चेन धुवा कमी, पुसा जास्त: मराठवाड्याच्या फुफाट्यात सायकल जपताना

मराठवाड्यात सायकलची चेन पाण्यापेक्षा धुळीनं जास्त मरते. पावसाळ्यातला चिकट काळा चिखल सोडला, तर वर्षाचे बाकीचे महिने फुफाट्याचेच. ही धूळ चेनच्या बाहेर बसते तोवर फारसं बिघडत नाही. तिच्यात तेल मिसळलं की तिची घासणारी पेस्ट होते आणि ती कड्या जोडणारी पिन आणि तिच्यावर फिरणारा रोलर यांच्या मधे शिरते. तिथली झीज बाहेरून दिसत नाही. म्हणून चेन कोरडी वाटली की वरून तेल सोडायचं, ही आपल्याकडची सर्रास सवय आधी मोडायला हवी. जुन्या धुळीवर नवं तेल टाकलं की आवाज बंद होतो, पण झीज आणखी वेगानं सुरू होते.

रोजचं काम एवढंच: घरी आल्यावर कोरडं सुती फडकं चेनच्या खालच्या पट्ट्याभोवती धरायचं आणि पायडल उलटं पंधरा-वीस वेळा फिरवायचं. एक मिनिट लागतं. जुना बनियन किंवा धोतराचा तुकडा उत्तम, टेरिकॉटचं कापड तेल नीट शोषत नाही. कच्च्या रस्त्यानं जाणं-येणं असेल तर हे दररोज, डांबरीवर असाल तर 100 किलोमीटरला एकदा. तेल साधारण 150 ते 200 किलोमीटरनंतर, आणि पूर्ण सफाई 400-500 किलोमीटरनंतर किंवा चेन चिखलात बुडून आली की लगेच.

कोणतं तेल, कोणतं नको

घरात जे असेल ते ओतायचं, यातून सगळ्यात जास्त नुकसान होतं. करडई आणि जवस आपल्या भागातली पिकं, त्यामुळे ते तेल हाताशी असतं. पण ही दोन्ही तेलं हवेत सुकून चिकट थर धरतात. जवसाचं तेल रंगात वापरतात ते याच गुणासाठी. चेनमध्ये गेलं की काही आठवड्यांत कड्या आखडतात. खोबरेल त्यामानानं सुकत नाही, पण थंडीत गोठतं आणि भाराखाली टिकत नाही.

ट्रॅक्टरचं किंवा मोटारसायकलचं जळकं ऑइल फुकट मिळतं, म्हणून लोक सायकलला लावतात. त्यात काजळी आणि इंजिनाच्या झिजेचे बारीक धातुकण असतात, म्हणजे धूळ बाहेरून यायच्या आधीच आपण आत घातली. शिवाय हे ऑइल वारंवार कातडीला लागणं आरोग्याला घातक आहे. ग्रीस चेनच्या बाहेरून लावणं त्याहून वाईट. ते आत जात नाही आणि वर माती धरून बसतं. डब्ल्यूडी-40 चा नेहमीचा निळा डबा पाणी हुसकायला आणि गंजलेला नट सैल करायला चांगला, चेनचं तेल म्हणून तो चालत नाही. लवकर उडून जातो आणि आतलं चांगलं तेलही पातळ करतो. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला ठीक. ते पातळ असल्यानं आत शिरतं, पण लवकर संपतं. त्याची खरी जागा फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे पायडल थांबलं तरी चाक फिरू देणार्‍या मागच्या चक्रात आहे.

सायकलच्या दुकानात चेनचं तेल दोन प्रकारचं मिळतं. बाटलीवर ‘ड्राय’ लिहिलेलं, बहुधा मेणाचा अंश असलेलं, ते धुळीसाठी. ‘वेट’ लिहिलेलं दाट तेल पावसासाठी. दिवाळीपासून मृगापर्यंत ड्राय आणि पावसाळ्यात वेट, हा हिशोब इथे बरोबर बसतो. एकच बाटली घ्यायची असेल तर ड्राय घ्या आणि पावसात ते वारंवार लावा.

पूर्ण सफाई

सामान फार नाही: दोन जुने टूथब्रश, रंगकामाचा एक इंची ब्रश, बांबूच्या काड्या, फडकी, भांडी घासायचं लिक्विड, रबरी हातमोजे आणि 100 मिली डिझेल (चेन काढून धुणार असाल तर 200 मिली) किंवा सायकलचं डीग्रीझर. रॉकेल मिळत असेल तर तेही चालतं. पेट्रोल मात्र नको. त्याची वाफ दूरच्या ठिणगीनंही पेट घेते. आणि डिझेल असो की रॉकेल, काम उघड्यावर करायचं, चुलीपासून आणि बिडीपासून लांब.

सायकल डबल स्टँडवर घ्या. गिअरच्या सायकलला तो नसतो. अशी सायकल सीटखालून दोर घालून झाडाच्या फांदीला किंवा पत्र्याच्या अँगलला टांगता येते, मागचं चाक वीतभर उचललं की पुरे. सीट आणि हँडलवर उलटी ठेवायची पद्धत साध्या सायकलला चालते. हायड्रॉलिक डिस्कब्रेक असतील तर टाळा, कारण नळीत हवा असेल तर ती सरकून ब्रेक मऊ पडतात. खाली बारदान अंथरा.

पहिली पायरी लोक हमखास गाळतात. कोणताही द्रव लावण्याआधी कोरड्या ब्रशनं सगळी सुटी धूळ झाडून घ्यायची. धुळीवर सरळ डिझेल ओतलं तर तिचा चिखल होऊन तो आत जातो. काळी माती पूर्ण वाळली की विटेसारखी कडक होते आणि खरवडताना रंग निघतो. पार ओली असताना ती नुसती पसरते. अर्धवट सुकली की काडीनं ढलप्या निघतात, ती वेळ पकडायची.

मग मागच्या गिअरची दोन छोटी चाकं, म्हणजे जॉकी व्हील. त्यांच्या दात्यांवर काळा कडक थर बसतो. तिथे काडी टेकवून पायडल उलटं फिरवलं की थर सालीसारखा निघतो. कापूस वेचणीच्या दिवसांत रस्त्याकडेला कापूस पडलेला असतो. त्याचे तंतू या चाकांच्या आणि हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याच्या, एक्सलभोवती गुंडाळले जातात. ते चिमट्यानं ओढून काढा, नाहीतर तेच तेल शोषून धूळ धरून ठेवतात. कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाच्या, दोन चक्रांमधल्या फटीत फडक्याची कडा घालून पुढे-मागे ओढायची.

आता चेन. डिझेल वाटीत घ्या, ब्रश बुडवून निथळवा आणि चेनचा खालचा पट्टा चारही बाजूंनी घासा, पायडल फिरवत. ब्रश गळता नको. पातळ द्रव फ्रीव्हीलमध्ये किंवा हबमध्ये उतरला तर आतल्या छर्‍यांचं तेल-ग्रीस धुऊन जातं आणि मग चाक कडकड वाजायला लागतं. याच कारणानं सफाई करताना सायकल चेनची बाजू वर करून आडवी टाकायची नाही. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरचं पाणी हब, बीबी (पायडलच्या मधल्या एक्सलचे बेअरिंग) आणि हँडलच्या कपांवर मारायचं नाही, तेही यासाठीच.

चेनला जोडकडी, म्हणजे चेन उघडता-जोडता येणारी खास कडी असेल आणि ती काढता येत असेल तर काम सोपं होतं. रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत चेन आणि 200 मिली डिझेल घालून दोन मिनिटं हलवा, चेन काढा, बाटली रात्रभर ठेवा. गाळ तळाला बसतो आणि वरचं डिझेल पुढच्या खेपेला वापरता येतं. तळाचा गाळ नालीत किंवा बांधावर ओतू नका. बाटली बंद करून जुनं ऑइल जमा करणार्‍या गॅरेजला द्या. 11 आणि 12 गिअरच्या कित्येक चेनची जोडकडी एकदाच वापरायची असते, तेव्हा पाकिटावर बघून मगच उघडा.

डिझेलनंतर साबण हवाच. डिझेलचा तेलकट थर राहिला तर नवं तेल त्यात पातळ होऊन दोन दिवसांत ओघळतं. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा लिक्विड घालून ब्रशनं घासा, मग एक-दोन मग स्वच्छ पाण्यानं हळू ओतून धुवा. एवढंच. लातूरला 2016 साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या भागात नळी लावून सायकल धुवायची कुणाला सुचू नये, आणि गरजही नाही. बोअरचं जड पाणी तसंच सुकलं तर पांढरे डाग पडतात आणि चेनवर गंजाचे ठिपके येतात. लगेच फडक्यानं पुसा आणि अर्धा तास उन्हात ठेवा.

गंज घालवायला चेन चिंचेच्या कोळात, लिंबात किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये भिजवू नका. भांडी त्यानं लखलखतात, पण चेनचं पोलाद टणक केलेलं असतं. आम्लानं ते ठिसूळ होतं आणि चढावर कडी तुटू शकते.

चेन आतून पूर्ण कोरडी झाल्यावरच तेल. एका चेनला साधारण 110 ते 116 कड्या असतात. प्रत्येक रोलरवर एक थेंब, खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूनं. सगळं मिळून 5 ते 6 मिली. जोडकडीपासून सुरुवात केली की फेरी पूर्ण झाल्याचं कळतं. दोन मिनिटं पायडल फिरवा, पंधरा मिनिटं थांबा, मग कोरड्या फडक्यानं बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. मेणाचं तेल असेल तर रात्रभर सुकू द्या. चेन हाताला जवळपास कोरडी लागली पाहिजे. बाहेर चमकणारं तेल फक्त धूळ बोलावतं.

चेन संपली हे कसं ओळखायचं

स्टीलची फूटपट्टी घ्या. चेन ताणून धरून शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा. दोन पिनांतलं अंतर अर्धा इंच, म्हणून पुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. ती अर्धा सूत पुढे गेली असेल, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास, तर 11-12 गिअरची चेन लगेच बदला. 8 ते 10 गिअरची थोडी आणखी चालते. एक सूत पुढे गेली तर साध्या सायकलचीसुद्धा बदला. तोवर गिअरवाल्या सायकलची कॅसेट बहुतेक गेलेली असते आणि नवी चेन जुन्या दात्यांवरून उड्या मारते. वेळेत बदललेली चेन कॅसेटपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

साध्या सायकलची चेन लोंबायला लागली की एक कडी काढून टाकायची, हा दुकानातला जुना उपाय. चेन आखूड होते, पण प्रत्येक पिन झिजलेलीच राहते आणि दोन पिनांतलं वाढलेलं अंतर चक्राचे दाते खात राहतं. आधी मोजा. माप ठीक असेल तर मागच्या चाकाचे नट ढिले करून चाक मागे ओढा. मधोमध चेन वर-खाली मिळून अर्धा इंच हलली पाहिजे. चक्र पूर्ण गोल नसतं, म्हणून पायडल हळू फिरवून सगळ्यात घट्ट जागी हे माप घ्या. चाक दोन्ही फाट्यांच्या मधोमध आहे ना, बघून नट आवळा. क्लिपची जोडकडी असेल तर क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला.

आवाज आणि गिअर

पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदाच ‘टक्’ होत असेल तर चेनला दोष देऊ नका. क्रँक (पायडलचा दांडा), पायडल किंवा कॉटर (क्रँक एक्सलवर पक्का धरणारी खिळी) सैल असतो. कॉटर नट आवळून आत ओढायचा नाही, आटे जातात. क्रँकच्या खाली लाकडी ठोकळ्याचा आधार देऊन कॉटर हातोडीनं ठोका, मग नट आवळा. पायडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात.

पायडल मारलं की फ्रीव्हील मधूनच फुकट फिरत असेल, तर आतले कुत्रे, म्हणजे दात्यांत अडकणारे छोटे खटके, जुन्या ग्रीसनं चिकटलेले असतात. शिलाई मशीनचं तेल चार-पाच थेंब फटीत सोडून चाक उलटं फिरवा. पुन्हा ग्रीस घालू नका.

मोठ्या चक्रावर चेन चढायला उशीर लावत असेल तर मागच्या गिअरवरचा केबलचा नळीसारखा स्क्रू घड्याळाच्या उलट अर्धा फेरा द्या; लहान चक्रावर उतरत नसेल तर घड्याळाप्रमाणे. दोन्ही बाजूंना आळस दिसत असेल तर बहुधा केबलच्या कव्हरमध्ये धूळ भरलेली असते, तेव्हा केबल बदला. सायकल उजवीकडे पडली असेल किंवा गाडीच्या टपावर टाकून आणली असेल, तर गिअर ज्याला लटकतो तो हँगर वाकला आहे का, मागून बघा. वाकलेला असताना सर्वांत मोठ्या चक्रावर चेन नेऊ नका, गिअर आर्‍यांत घुसतो.

शेवटी रिमवर किंवा डिस्कवर तेलाचा हात लागला असेल तर साबणानं नाही, स्वच्छ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. डिस्कच्या पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॅड नवेच घालावे लागतात. गल्लीतच हळू चालवत दोन्ही ब्रेक दाबून बघा, मग रस्त्यावर निघा.