शाखा कार्यालयासाठी दुसरा मेल सर्व्हर कसा उभारावा

शिवाजीनगरला मुख्य कार्यालय, चाकणला कारखाना आणि दोन्हीकडे एकाच डोमेनचे ई-मेल पत्ते, अशी मांडणी पुण्यातल्या बऱ्याच कंपन्यांत दिसते. चाकणच्या अभियंत्याने शेजारच्या टेबलावर ड्रॉइंग पाठवलं तरी ते आधी शिवाजीनगरला जातं आणि मग परत येतं. खोदकामात फायबर तुटली की शाखेतल्या शाखेतलाही पत्रव्यवहार थांबतो. अशा ठिकाणी दुसरा सर्व्हर खरोखर उपयोगी पडतो. शाखेत पाच-सहाच माणसं असतील तर मात्र हा खटाटोप करू नका. दुसरा सर्व्हर म्हणजे अपडेट, बॅकअप आणि देखरेख, सगळंच दुप्पट.

इथे दोन्हीकडे लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा प्रोग्राम) आहेत असं धरलं आहे.

१. बाहेरच्या जगासाठी दार एकच ठेवा. शाखेचा सर्व्हर डीएनएसमध्ये दुसरा एमएक्स (डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरला द्यायची ते सांगणारी नोंद) म्हणून लावायचा मोह होतो, तो टाळा. स्पॅम पाठवणारे अनेकदा मुद्दाम कमी पसंतीच्या एमएक्सवर येतात, कारण तिथली तपासणी ढिली असते. बाहेरची टपाल मुख्य कार्यालयातच येऊ द्या आणि तिथून शाखेची शाखेला पाठवा.

२. दोन्ही ठिकाणं वायरगार्ड या व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी जोडणीने, जोडा. मुख्य कार्यालयाला स्थिर आयपी असला की पुरतं. शाखा राउटरच्या मागे असेल तर तिच्या बाजूला २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संकेत) लावा, नाहीतर शांत वेळी राउटर जोडणी विसरतो.

३. आता मुख्य काम, पत्त्यांची यादी. डोमेन एकच असल्याने दोन्ही सर्व्हरना कंपनीतला प्रत्येक पत्ता माहीत हवा. शाखेला शिवाजीनगरची नावं माहीत नसतील तर ती त्यांची मेल ‘असा वापरकर्ता नाही’ म्हणून परत करेल. उलट, यादी न देता ‘काहीही आलं तरी घे’ अशी मोकळीक दिली, तर चुकीच्या पत्त्यांची मेल आधी स्वीकारली जाते आणि नंतर परतीची पत्रं भलत्याच लोकांच्या माथी जातात. यादी एकाच जागी, मुख्य कार्यालयात ठेवा आणि ठरावीक वेळाने शाखेला आपोआप पोचवा. फाइल बदलली की पोस्टमॅप (यादी पोस्टफिक्सला वाचता येईल अशी करणारी आज्ञा) चालवायला विसरू नका.

मग मुख्य सर्व्हरच्या ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये (कोणत्या पत्त्याची मेल कुठे पाठवायची त्या तक्त्यात) शाखेतल्या प्रत्येक पत्त्यासमोर शाखेचा वायरगार्डमधला आयपी लिहा. शाखेकडे याच्या उलट नोंदी करा. यंत्राचा पत्ता चौकटी कंसात लिहायचा. आयपीऐवजी नाव लिहून कंस सोडलात, तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधतो, आणि तो मुख्य सर्व्हरच निघाला तर मेल स्वतःभोवतीच फिरते.

४. शाखेतून बाहेर जाणारी मेलही मुख्य सर्व्हरमार्गेच पाठवा. त्यासाठी शाखेकडे रिलेहोस्ट (बाहेरची मेल ज्याच्याकडे सोपवायची तो सर्व्हर) म्हणून मुख्य सर्व्हर लावा आणि मुख्य सर्व्हरवर शाखेचा आयपी विश्वासू नेटवर्कमध्ये घाला. म्हणजे एसपीएफ नोंद (डोमेनची मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ती यादी) आणि आयपीचा उलटा डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) जसेच्या तसे राहतात. मेलवर डिजिटल सही करणारं ओपनडीकेआयएम वापरत असाल तर त्याच्या अंतर्गत यंत्रांच्या यादीतही हा आयपी लिहा. तो राहिला तर शाखेच्या मेलवर सही होत नाही आणि त्या स्पॅममध्ये पडू लागतात.

५. मेलच्या आकाराची मर्यादा दोन्हीकडे सारखी करा. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा साधारण १० एमबी आहे आणि जोडलेली फाइल मेलमध्ये सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. ड्रॉइंग पाठवणाऱ्या शाखेला ती अपुरी पडते.

६. माणसं एकेक करून हलवा. आधी मेलबॉक्सची प्रत शाखेच्या सर्व्हरवर न्या, मग ट्रान्सपोर्टची नोंद बदला आणि लगेच प्रत पुन्हा जुळवून घ्या, म्हणजे मधल्या वेळात आलेली पत्रं सुटत नाहीत. पहिले दोघे-तिघे दिवसाला जेमतेम चार मेल येणारे निवडा. लेखा विभाग सर्वांत शेवटी.

७. आता वीज. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा नेहमीचा वार, त्यामुळे यूपीएस घ्याच, पण तो संपल्यावर काय होतं हेही बघून ठेवा. शाखेचा सर्व्हर मुद्दाम बंद करा आणि बाहेरून तिथल्या पत्त्यावर मेल पाठवा. मुख्य सर्व्हरवर मेलक्यू (mailq, रांग दाखवणारी आज्ञा) चालवलंत की ती रांगेत दिसली पाहिजे. पोस्टफिक्स अशी मेल डीफॉल्टने पाच दिवस जपतो, म्हणून दिवसभराच्या अंधाराची चिंता नाही. मात्र पुन्हा प्रयत्न करण्यातलं अंतर वाढत वाढत तासाच्या थोडं पुढे जातं. वीज आल्यावर तेवढा वेळ वाट बघत बसू नका, मुख्य सर्व्हरवरून postqueue -f या आज्ञेने रांग हाताने पुढे ढकला. ही आज्ञा शाखेतल्या जबाबदार माणसाला लिहून द्या आणि एकदा त्याच्याकडूनच चालवून घ्या.