दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

उदाहरणाला बँकॉक ते टोकियो घेऊ. दोन्ही शहरांना दोन-दोन मोठे विमानतळ आहेत, म्हणून आधी तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघा. बँकॉकला बीकेके म्हणजे सुवर्णभूमी आणि डीएमके म्हणजे डॉन मुआंग. टोकियोला एनआरटी म्हणजे नारिता आणि एचएनडी म्हणजे हानेदा. हानेदा शहराला लागूनच आहे, तर नारिताहून टोकियोच्या मध्यभागी यायला साठेक किलोमीटर कापावे लागतात. कोड न बघता काढलेला हिशोब पुढे कितीही नीट केला तरी चुकतोच.

आता अंतर. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका, पृथ्वी गोल आहे. गूगल अर्थमध्ये मोजपट्टी निवडून दोन्ही विमानतळांवर टिचकी मारली की गोलावरचं सर्वांत कमी अंतर मिळतं. सुवर्णभूमी ते नारिता ते साधारण ४,६५० किलोमीटर भरतं. आकडा सागरी मैलांत दिसला तर १.८५२ ने गुणा. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, त्यामुळे थोडं जास्तच उडतं.

वेळेसाठी मोठ्या जेट विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. ४,६५० भागिले ९०० म्हणजे सुमारे ५ तास १० मिनिटं. उड्डाणानंतर वर चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याचा अर्धा तास मिळवा. झाले ५ तास ४० मिनिटं.

इथे बरेच जण थांबतात, पण खरी गंमत वाऱ्यात आहे. जपानवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा झोत, वाहतो आणि हिवाळ्यात त्याचा जोर फार वाढतो. समजा, वाटेत सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा आहे. टोकियोला जाताना तो पाठीमागून येतो, वेग १,००० होतो आणि अर्ध्या तासासकट साधारण ५ तास १० मिनिटं लागतात. परतताना तोच समोरून, वेग ८०० आणि वेळ ६ तास २० मिनिटांच्या आसपास. एकाच मार्गावर तासाभराहून जास्त फरक! म्हणून जातानाचा वेळ येतानाला चिकटवू नका, दोन्ही बाजू वेगळ्या काढा.

वेळापत्रकातला वेळ याहूनही जास्त दिसेल. विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा तो वेळ असतो, धावपट्टीपर्यंतची रांगही त्यात आली.

शेवटी घड्याळ. तिकिटावर सुटण्याची आणि पोचण्याची वेळ त्या-त्या ठिकाणची स्थानिक असते. टोकियो बँकॉकच्या दोन तास पुढे आहे. रात्री ११ ला बँकॉकहून निघून सकाळी ७ ला नारिताला पोचणारं विमान आठ नव्हे, सहा तासच प्रवास करतं. उलट नारिताहून सकाळी ११ ला निघून दुपारी ४ ला बँकॉकला उतरलात तर पाच दिसतात, पण झालेले असतात सात. पूर्वेला जाताना वजा करा, पश्चिमेला जाताना मिळवा. दोन्ही देशांत उन्हाळी वेळ नाही, त्यामुळे हा दोन तासांचा फरक वर्षभर तोच राहतो. मध्ये विमान बदलायचं असेल, तर दाखवलेल्या एकूण वेळेत तिथला थांबाही धरलेला असतो. तेव्हा प्रत्येक टप्पा सुटा करून हाच हिशोब मांडा.