धुऱ्यावरचा (बांधावरचा) तरवड: मृग लागायच्या आत बी गोळा करा

उलंगवाडी, म्हणजे कापसाच्या हंगामाची अखेर, कधीची झाली, वावरं वखरून पडली आहेत. मे महिन्याच्या शेवटी आपल्या बरड रानात हिरवं म्हणावं असं फार थोडं उरतं, आणि त्यात तरवड असतो. मुरमाडावर, गाडरस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठाला. पाणी कोणी घातलेलं नसतं आणि ढोरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. कुंपणासाठी याहून मोठा गुण दुसरा नाही.

तरोटा आणि तरवड एक समजू नका. पावसाळ्यात आपण भाजी करतो तो तरोटा: पानाला तीनच जोड्या पानोळ्या, शेंग लांब आणि बारीक. तरवड हे पुरुषभर उंचीचं झुडूप. पानाला आठ ते बारा जोड्या, शेंग चपटी, वाळली की कागदासारखी खुळखुळते. देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखं एक गोल हिरवं पान असतं, ते दिसलं की शंका उरत नाही. तिसरा भाऊबंद कासविंदा. त्याची पानं टोकदार, चुरडली तर उग्र घाण वास येतो, आणि त्याचं बी लहान पोरांच्या पोटात गेलं तर जिवावर बेततं. बी गोळा करायला पोरांना पाठवणार असाल तर आधी हा फरक दाखवा.

वाळलेल्या शेंगा अजून झाडावर लटकलेल्या आहेत. भोकं पडलेल्या सोडून बाकीच्या तोडा, गोणीत भरून बडवा आणि पाखडून घ्या.

आता महत्त्वाचं. पहिल्या वर्षी मी पाव किलो बी तसंच धुऱ्यावर फेकलं आणि पावसाच्या भरवशावर राहिलो. श्रावणात मोजली तर अकरा रोपं. बियांचं कवच टणक असतं, पाणी आत शिरतच नाही. म्हणून पाणी उकळा, चुलीवरून उतरवा, दोन-चार मिनिटं थांबा आणि मग त्यात बी टाका. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी जे फुगलं ते पेरायचं, जे तसंच कडक राहिलं त्याला पुन्हा तोच शेक द्यायचा. चुलीवरच्या उकळत्या पाण्यात मात्र टाकू नका, बी शिजतं.

जमीन चांगली ओली झाल्यावरच बी टोबा, म्हणजे खळी करून एकेक पुरा, पहिल्या वळवाच्या सरीवर नाही. बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा खोल नको. कुंपणासाठी हात-सव्वा हातावर, फुलांसाठी चार फुटांवर. सोटमूळ लवकर खाली जातं, म्हणून पिशवीतल्या रोपापेक्षा जागेवर टोबलेलं बी बरं. पाणी साचणारी काळी जागा टाळा. पहिल्या पावसाळ्यात दोनदा गवत काढलं की पुरे.

फूल घ्यायचं असेल तर जागा विचार करून निवडा. कपाशीच्या धुऱ्यावरचं फूल चहाला किंवा औषधाला तोडू नका, कारण फवारणी आणि तरवडाचा मुख्य बहर एकाच वेळी येतात. त्यासाठी पिकापासून दूर, पडीक बरडाचा तुकडा ठेवा. फुलं सकाळी तोडा आणि सावलीत कपड्यावर एकेरी थरात वाळवा. उन्हात रंग उडतो. ‘साखरेवर चालतं’ म्हणून लोक या फुलांचा चहा पितात. प्यायचा तर प्या, पण डॉक्टरांची गोळी त्याच्या भरवशावर बंद करू नका.

तेलंगणाच्या सीमेजवळच्या सिरोंचा, राजुऱ्याकडच्यांना हे फूल वेगळं सांगायला नको. तेलुगूत ते तंगेडू, तेलंगणाचं राज्यफूल. सर्वपित्री अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत तिकडे बतुकम्मा हा फुलांचा सण असतो, त्यात फुलांची बतुकम्मा रचायला ते लागतंच. सीमेलगतच्या गावांना त्या नऊ दिवसांत ताज्या फुलांचं गिऱ्हाईक शोधता येईल. बाकीच्यांनी गिऱ्हाईक ठरल्याशिवाय एकरभर लावू नये. सफेद मुसळी या औषधी पिकाच्या लागवडीच्या वेळी ‘आम्हीच परत विकत घेऊ’ म्हणणारे कुठे गेले, ते आपल्याला अजून सापडलेले नाहीत. सालीत टॅनिन असतं, कातडं कमवायला ती पूर्वापार वापरतात, पण चारी बाजूंनी साल सोललेली फांदी वाळते. सालीसाठी फांद्या कापून घ्या, उभं खोड सोलू नका.

पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या दिसतील. त्या पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या. फवारू नका, झाड पुन्हा पालवतं. फुलात मध नसतो, तरी काळा भुंगा येऊन घुंईऽ करत फूल हलवतो आणि पराग झाडून नेतो. तो आला नाही तर शेंगा कमी धरतात.

छाटणी माघ-फाल्गुनात, शेंगा वाळल्यावर, जमिनीपासून फूटभर ठेवून. फूल नव्या फुटव्याच्या शेंड्याकडे येतं. छाटलेला पाला कंपोस्टच्या खड्ड्यात जाऊ द्या. दर दहा झाडांमागे एक झाड न छाटता बियांसाठी सोडा.