कॅलरी मोजताना काटा कुठे लावायचा, कुठे सोडायचा

‘दोन भाकरी, वाटीभर वरण, थोडी चटणी’ अशी नोंद केली की हिशोब तिथंच चुकतो. भाकरी थापणाऱ्या हातानुसार लहानमोठी होते, आणि शेंगदाण्याची चटणी तर आपल्याकडे कुणीच ‘थोडी’ घेत नाही.

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलो पेलणारा साधा डिजिटल काटा घ्या. रिकामं ताट ठेवून ‘टेअर’चं बटण दाबलं की आकडा शून्य होतो. एक पदार्थ वाढा, वजन लिहा, पुन्हा शून्य करा, मग पुढचा.

भाकरीचं मात्र कोरडं पीठ मोजायचं. 60 ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 200 कॅलरी असतात. तव्यावरून उतरलेली भाकरी 90 ग्रॅम भरली, तरी वरचं वजन पाण्याचं. रोज पीठ मोजत बसायला घरात कुणी तयार होणार नाही. म्हणून एक दिवस पिठाचा डबा भाकरी करण्याआधी आणि नंतर मोजा. जेवढं पीठ गेलं त्याला भाकरींच्या संख्येनं भागा आणि पुढं तोच आकडा धरा. थापताना लावलेलं पीठही त्यात आपोआप येतं.

तेलालाही हीच युक्ती. फोडणीआधी आणि फोडणीनंतर बाटली काट्यावर ठेवा. 10 ग्रॅम तेल म्हणजे 90 कॅलरी. करडईचं तेल ‘हलकं’ म्हणून सढळ हातानं ओतणारे खूप भेटतात, पण या हिशोबात सगळी तेलं सारखीच. दाण्याच्या कुटाचंही तसंच: 30 ग्रॅम कूट म्हणजे जवळपास 165 कॅलरी, आणि तेवढं भाजीत सहज मुरतं.

घरच्या सगळ्यांचं कालवण एकाच पातेल्यात शिजतं, तिथं असं करा. पातेलं रिकामं असताना त्याचं वजन लिहून ठेवा. समजा वरणात 150 ग्रॅम तूरडाळ (सुमारे 500 कॅलरी) आणि 20 ग्रॅम तेल (180) पडलं. एकूण 680. शिजल्यावर पातेल्याचं वजन वजा करून वरण 850 ग्रॅम भरलं, तर एका ग्रॅमला 0.8 कॅलरी. तुमच्या वाटीत 200 ग्रॅम असेल तर 160 लिहा.

ॲपमध्ये ‘तांदूळ’ निवडताना कच्चा की शिजलेला ते बघा. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण 350 कॅलरी, तेवढ्याच वजनाच्या भातात 130 च्या आसपास. इथली गफलत सगळा दिवस बिघडवते.

काकडी, मेथी, कांद्याची पात अंदाजानं लिहिली तरी चालेल. काकडी 20 ग्रॅम कमीजास्त झाली तर फरक तीनेक कॅलरींचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले; त्यातले आकडेही सरासरीच आहेत. त्यामुळं दशांशापर्यंत नोंदी करण्यात अर्थ नाही.

लग्नाच्या पंगतीत काटा नेऊ नका. अंदाज करा, तेलातुपासाठी थोडा वाढवूनच धरा. दुसऱ्या दिवशी वजन किलोभर वाढलेलं दिसलं तर ते बहुतेक मीठपाण्याचं असतं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आहार कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. घास मोजण्याचीच धास्ती बसू लागली तर मोजणं थांबवा.

स्वतःचं वजन आठवड्याच्या सरासरीनं बघा. तीन-चार आठवडे ते हललंच नाही, तर जेवण कमी करण्याआधी तेलाची बाटली पुन्हा काट्यावर ठेवा.